तक्रारीला दृष्ट लागत नाही

सांता ओलाया गावात, आल्डर रस्त्यावर, रोज सकाळी पावणेआठला एक बाई हातात लाल पाटी घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी राहते. मग लेट्यूसचा ट्रक असो, ट्रॅक्टर असो, नाहीतर खुद्द पोलिसाची गाडी असो, सगळे जागच्या जागी गार. पाटीवर इंग्रजीत काय लिहिलंय ते वाचायची वेळच कुणावर येत नाही, कारण त्याआधी बाईंची आरोळी कानात शिरलेली असते. "आल्तो!" म्हणजे थांब. त्यावरून शाळेतली पोरं तिला दोन्या आल्तो, म्हणजे थांबाबाई, म्हणतात. पाळण्यातलं नाव ओबदुलिया साराते. वय सत्तावन्न, उंची पाटीपेक्षा चार बोटं जास्त, आणि जीभ पाटीपेक्षा कितीतरी लांब.

पोरांना रस्ता ओलांडून द्यायचा, हे तिचं पगारी काम. दुसरं एक काम तिला कुणी दिलेलं नाही, म्हणूनच बहुधा ती ते जास्त मन लावून करते.

झालं असं, की या पाटीच्या आधी अकरा वर्षं ती गावच्या शाळा-कचेरीत झाडलोट करायची. तिथल्या एका कोठीचं दार आपोआप बंद व्हायचं, म्हणून कुणीतरी त्याला एक जड खोका लावून ठेवलेला. त्यातली पाच वर्षं तिने त्या खोक्याभोवतीनं झाडू फिरवला. एके दिवशी खोका फाटला आणि आतून पत्रकं बाहेर सांडली. पिवळी, गुळगुळीत, आणि चक्क स्पॅनिशमध्ये. "तुमचं मूल विशेष बुद्धिमान आहे का? सरकारी शाळेत अशा मुलांसाठी वेगळा वर्ग असतो, फुकट असतो, आणि मुलाची परीक्षा घ्या असं सांगण्याचा हक्क पालकांना असतो." पत्रकावरचं साल बघितलं तर पाच वर्षांपूर्वीचं. गावातली निम्म्याहून जास्त घरं स्पॅनिश बोलणारी, आणि त्यांच्यासाठी छापलेला कागद पाच वर्षं दार अडवायच्या कामावर!

ओबदुलिया तिथेच, झाडूला टेकून, ते पत्रक दोनदा वाचत उभी राहिली. तिला तिचा मुलगा रुतिलिओ आठवला. नऊ वर्षांचा असताना त्याने शाळेची घंटा खोलून बघितली होती. शाळेतून तीन वेळा चिठ्ठी आली आणि तिन्ही चिठ्ठ्यांना हिने घरी चपलेनं उत्तर दिलं. आज रुतिलिओ पाण्याचे पंप दुरुस्त करतो, दोन माणसांचं जेवतो आणि मजेत आहे. तरी ती चप्पल हिच्या मनातून काही उतरेना. संध्याकाळी घरी जाताना तिच्या पोतडीत अडीचशे पत्रकं होती. चोरी म्हणा हवं तर. तिच्या मते ते टपाल होतं, उशिरा पोचवलेलं.

तेव्हापासून आल्डर रस्त्यावर तिच्या हातून अकरा पोरं त्या वर्गात गेली. कशी, ते ऐकण्यासारखं आहे.

शाळा आधी आई-बापाला स्पॅनिशमधला एक फॉर्म देते. वीस प्रश्न. समोर तीन चौकोन : कधीच नाही, कधीकधी, नेहमी. मूल मोठ्यांशी वाद घालतं का? सतत प्रश्न विचारून भंडावतं का? हातातलं काम सोडायला सांगितलं तर ऐकत नाही का? वस्तू खोलून बघतं का? दुसऱ्याच्या चुका काढतं का? आता हा कागद सीमेपलीकडच्या मिचोआकानहून आलेल्या आईच्या हातात पडला की ती काय समजणार? ती समजणार, शाळेने पोराची चौकशी लावलीय. ती बाह्या सरसावते आणि खालपर्यंत एका दमात खुणा करते : कधीच नाही, कधीच नाही, कधीच नाही. आमचं लेकरू? वाद? मोठ्यांशी? देवाची शपथ! शेवटी एकदोन प्रश्न सरळ कौतुकाचे असतात, की मूल बरोबरीच्या मुलांपेक्षा लवकर शिकतं का. तिथे तर हात आणखीच आखडतो. आपल्या तोंडानं आपल्या पोराची तारीफ? दृष्ट लागेल ना! मनगटात लाल दोऱ्यात ओवलेली बी बांधलीय ती काय शोभेला? कधीच नाही.

झालं. मास्तरणीने कितीही चांगलं लिहिलं तरी बेरीज कमी पडते, आणि पोराला परीक्षेलाच बसवत नाहीत.

ओबदुलियाने हे ओळखलं आणि एक युक्ती काढली. ती आयांना फॉर्म दाखवतच नाही. शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी त्या उभ्या असतात, तिथे ही हळूच जवळ सरकते आणि म्हणते, "काय गं, हल्ली फार थकलेली दिसतेस. पोरगं त्रास देतं का?"

बस्स. धरणाचं दार उघडल्यासारखं होतं. "विचारू नका दोन्या ओबदुलिया! काल म्हणे चंद्र आपल्या गाडीच्या मागे का येतो. इस्त्री खोलून ठेवली. बापाचं चुकलं म्हणून बापाला सांगतो!" ही मान डोलावत राहते, अरेरे म्हणते, आणि पाटीच्या मागे चिकटवलेल्या कागदावर पेन्सिलीने खुणा करत जाते. नेहमी. नेहमी. नेहमी. मग आईची सही घेताना म्हणते, "तू स्तुती केलीस का? नाही. तू तक्रार केलीस. तक्रारीला दृष्ट लागत नाही."

असा हा सगळा कारभार. आणि दिव्याखाली अंधार म्हणतात तो कसा, ते मार्च महिन्यातल्या एका रविवारी कळलं.

त्या दिवशी चर्चमधली मिस्सा आटोपून ओबदुलिया बार्रागानांच्या घरी जेवायला गेली. क्रेसेन्सिओ बार्रागान, ज्याला सगळे चेंचो म्हणतात, लेट्यूसच्या शेतांना पाणी देणारा माणूस. त्याची बायको एल्विया. आणि त्यांची एकुलती एक ब्रिसेइदा, दुसरीत. ब्रिसेइदाचा बाप्तिस्मा झाला तेव्हा ओबदुलियाने तिला हातांवर धरलं होतं. म्हणजे पोरीची ती धर्ममाता, माद्रिना. आणि चेंचो-एल्वियाची कोमाद्रे; तिच्यासाठी एल्विया कोमाद्रे, चेंचो कोम्पाद्रे. हे नातं सख्ख्याहून नाजूक. एकमेकांना अहो-जाहो करायचं, आणि भांडायचं झालं तरी तेही अहो-जाहोतच.

तर ही स्वयंपाकघरात शिरली, आणि समोर भिंतीवर, ग्वादालुपेच्या मातेच्या तसबिरीशेजारी, काचेच्या नव्या फ्रेममध्ये एक कागद. वर सोनेरी शिक्का. खाली कुणाची तरी लफ्फेदार सही.

"हे काय लावलंय, कोमाद्रे?"

एल्वियाचा चेहरा असा उजळला, की चुलीवरची डाळिंबी-रंगाची पोसोलेची आमटीसुद्धा फिकी वाटावी. "पोरीचं प्रशस्तिपत्र! शाळेतून आलंय. इंग्रजी आहे, पण शिक्का बघा ना केवढा. ह्यांनी बाजारातून मुद्दाम फ्रेम आणली."

ओबदुलियाने चष्मा नाकावर चढवला. झाडता झाडता कोपऱ्यात उभं राहून शिकलेलं तिचं इंग्रजी दिसायला लंगडं असलं तरी पोचायचं तिथे पोचतं. एक ओळ वाचली. दुसरी वाचली. मग ती खुर्चीवर बसली. ओबदुलिया जेवायला वाढेपर्यंत कधी बसत नाही, त्यामुळे चेंचो जागचा उठला.

"कोमाद्रे? वाईट बातमी आहे का?"

"कोम्पाद्रे, तुम्ही नकाराला सोन्याची चौकट घातलीत."

"म्हणजे?"

"म्हणजे यात लिहिलंय, कळवण्यास खेद होतो. ब्रिसेइदाला हुशार मुलांच्या परीक्षेला बसवता येणार नाही. पालकांच्या फॉर्ममध्ये गुण कमी पडले." ती एल्वियाकडे वळली. "फॉर्म? कुठला फॉर्म? मला न सांगता फॉर्म भरलात?"

एल्वियाने ॲप्रनच्या टोकाशी चाळा केला. "तुम्हाला किती त्रास द्यायचा म्हटलं. अन् सोपा तर होता. सगळीकडे एकच उत्तर."

"कोणतं?"

"कधीच नाही."

"वीसच्या वीस?"

"मग काय!" एल्विया जरा तोऱ्यातच म्हणाली. "पोरीची बेअब्रू मी स्वतःच्या हातानं सरकारला लिहून देऊ?"

अकरा परक्यांची पोरं मार्गी लावणाऱ्या बाईच्या स्वतःच्या धर्मकन्येचा हा असा निकाल! ओबदुलियाने कपाळाला हात लावला, मग तोच हात पत्राकडे नेला. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं : निर्णय मान्य नसेल तर शाळेच्या दहा दिवसांच्या आत पालकांनी समितीसमोर स्वतः येऊन म्हणणं मांडावं. पुढची संधी थेट पाचवीत. आणि दहातले आठ दिवस पत्र भिंतीवर कौतुक करून घेत बसलेलं. समिती दर मंगळवारी बसते. म्हणजे परवा, नाहीतर तीन वर्षांनी.

"तीन वर्षांनी काय बिघडतंय?" चेंचो म्हणाला. त्याला कचेरी म्हटली की घाम फुटतो.

ओबदुलिया उत्तर देणार, तेवढ्यात टेबलाखालून आवाज आला. "माद्रिना, आमच्या वर्गात मी रोज सगळं संपवून मग खिडकीतल्या कबुतरांना नंबर देते. सत्तेचाळीस झाली. पण त्यातली काही तीच-तीच असणार, म्हणून मी आता पायाच्या रंगावरून..."

"ब्रिसे, बाहेर जा. मोठी माणसं बोलतायत," चेंचो म्हणाला.

पोरगी निमूट बाहेर गेली. ओबदुलियाने चेंचोकडे बघितलं. "तीन वर्षं कबुतरं मोजायची तिनं?"

चेंचोने मान खाली घातली. "येतो मंगळवारी."

आता चेंचोविषयी थोडं सांगायला हवं. माणूस सोन्यासारखा. सहा फूट उंच, पाइपलाइनचा वीस फुटी तुकडा एकटा खांद्यावर टाकतो. पण टेबलामागे बसलेलं कुणी दिसलं, की टोपी हातात येते आणि तोंडातून तीनच वाक्यं निघतात : हो जी. आभारी आहे. काही तक्रार नाही. एकदा दाताच्या दवाखान्यात त्याचा भलताच दात काढला, तरी तो आभार मानून घरी आला. अशा माणसाला समितीसमोर पोटच्या पोरीची गाऱ्हाणी मांडायची होती.

सोमवारी संध्याकाळी तालीम झाली. ओबदुलिया टेबलामागे बसली, समिती म्हणून. चेंचो पुढे, टोपी हातात.

"श्रीयुत बार्रागान, तुमची मुलगी कशी आहे?"

"चांगली आहे जी."

"चांगली नाही! त्रास देते! सांगा, काय त्रास देते?"

"काही नाही जी."

"कोम्पाद्रे! मी चांगली ओळखीची आहे, तरी तुम्ही मला जी म्हणताय. रेडिओ कुणी खोलला?"

"तो जुना होता."

"चालू होता!" एल्विया चुलीजवळून ओरडली. "माझ्या मालिकेच्या वेळेला!"

"घरातली धुणी रस्त्यावर कशाला धुवायची?" चेंचो काकुळतीला आला. "त्या गोऱ्या बाई म्हणतील, ह्या लोकांना पोरं सांभाळता येत नाहीत. माझ्या आईनं मला शिकवलंय, चारचौघांत पोराला नावं ठेवू नये अन् डोक्यावरही घेऊ नये."

"मग काय करायचं चारचौघांत?"

"गप्प बसायचं."

साडेआठपर्यंत घासून चेंचोच्या तोंडून एकच तक्रार निघाली : पोरगी दूध नीट पीत नाही. ती समितीच्या कामाची नव्हती.

मंगळवारी साडेतीनला तिघं कचेरीत पोचली. एल्वियाने ईस्टरचा झगा घातला होता, चेंचोने टोपीसुद्धा इस्त्री केली असावी असं वाटत होतं. समितीत तीन माणसं. मधोमध मिसेस हाव्हरकॅम्प, केस कापसासारखे, चेहरा कनवाळू, हातात भली मोठी फाइल. बाजूला दोघं, एक चहा ढवळणारा आणि एक न ढवळणारा. कचेरीचा दुभाषी रजेवर, म्हणून दुभाषाचं काम ओबदुलियाकडे आलं. त्याआधी तिच्याकडून हात वर करून वदवून घेतलं, की जे बोललं जाईल तेच सांगेन, कमी नाही, जास्त नाही.

"मिस्टर बार्रागान," हाव्हरकॅम्पबाई म्हणाल्या, "तुमच्या मुलीबद्दल सांगा. तुम्हाला काय वाटतं?"

ओबदुलियाने स्पॅनिशमध्ये सांगितलं. चेंचो उभा राहिला. टोपी हातात आली. एल्वियाने डोळे मिटले.

"चांगली मुलगी आहे जी. शांत आहे. कुणाला त्रास देत नाही. मोठ्यांचं ऐकते. काही तक्रार नाही. आभारी आहे." आणि तो बसला.

आता ओबदुलियाची पाळी. समितीत स्पॅनिश कळणारं कुणी नव्हतं. तिने म्हटलं असतं, की हे म्हणतात पोरगी वादळ आहे, आणि वीसच्या वीस चौकोन भरून दिले असते, तर कुणाच्या बापाला कळणार होतं? हात वर केल्याला अजून पाच मिनिटं झाली नव्हती. ओठावर शब्द आलेसुद्धा. पण अकरा पोरं तिने खोटं बोलून नाही पाठवली. आई-बापांनीच सांगितलेलं तिने नीट पोचवलं होतं, एवढीच तिची कमाई. ती एकदम वापरून टाकायची? तिने घसा साफ केला आणि चेंचो जे बोलला ते, जसंच्या तसं, आभारांसकट, इंग्रजीत सांगितलं.

मिसेस हाव्हरकॅम्प हसल्या. दाताच्या डॉक्टरला बघून हसतात तसं हसणं ते. "किती गोड," त्या म्हणाल्या, आणि फाइल मिटायला लागल्या.

"एक मिनिट," ओबदुलिया म्हणाली. "दुभाषाचं काम मी केलं. मी मुलीची धर्ममातासुद्धा आहे. धर्ममाता म्हणून एक प्रश्न विचारू का? उत्तर येईल ते तसंच सांगेन."

हाव्हरकॅम्पबाईंनी घड्याळाकडे बघितलं, मग या चार फुटी बाईकडे बघितलं, आणि मान हलवली.

ओबदुलिया चेंचोकडे वळली. आवाजात साखर. "कोम्पाद्रे, बरं झालं तुम्ही खरं काय ते सांगितलंत. गावात लोक काय वाट्टेल ते बोलतात बघा. म्हणे जानेवारीत चर्चच्या हॉलमध्ये ब्रिसेइदाने मुकादमाची फजिती केली. मी म्हटलं, शक्यच नाही. आमची पोर शांत. मुकादम डॉन एवेलिओंचा खेळातला पत्ता त्यांच्या हातूनच हरवला असणार, आणि त्यांचं त्यांनाच आठवलं असणार. हो ना?"

चेंचोचे कान लाल झाले. मग मान. मग कपाळ.

"त्यांचं त्यांनाच आठवलं?" तो म्हणाला. "कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात. डॉन एवेलिओसुद्धा."

"एवेलिओ खोटं बोलतो!" चेंचो उभाच राहिला, आणि या वेळी टोपी खुर्चीवर राहिली. "कोमाद्रे, तुम्ही तिथे नव्हतात. मी होतो! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला! लोतेरियाचा डाव चालू, आख्खं गाव चित्रांच्या पाट्या घेऊन बसलेलं, एवेलिओ पत्ते काढून चित्रांची नावं पुकारतोय, कोंबडा, शिडी, चंद्र... आणि ही कार्टी बाकावर चढते! बाकावर! अन् सगळ्यांसमोर म्हणते, डॉन एवेलिओ, तुमच्या गठ्ठ्यात ढोल नाहीये. चार रविवार मी बघतेय. माझ्या पाटीवर ढोल आहे म्हणून मी जिंकूच शकत नाही. माझ्या मुकादमाला! तो म्हणाला, बस खाली पोरी. ही बसते का? ही म्हणते, मोजा! मोजले. चोपन्न पाहिजेत. निघाले त्रेपन्न!"

ओबदुलिया इंग्रजीतून धावत होती. चहा ढवळणाऱ्याचा चमचा थांबला.

"पुढे?" मिसेस हाव्हरकॅम्प म्हणाल्या. पेन कधी हातात आलं ते त्यांनाही कळलं नसावं.

"पुढे काय! दुसऱ्या दिवशी एवेलिओनं मला डोंगराखालच्या शेतावर पाठवलं, जिथे मोबाइलसुद्धा लागत नाही. अन् ही घरी काय करते? रडते? छे! हिला आता शोधायचंय, चोपन्न चित्रांतून सोळा-सोळाच्या वेगवेगळ्या पाट्या किती होतील. मला विचारते! मी पाणी देणारा माणूस, मला काय माहीत? रोज विचारते. जेवताना, गाडीत, मिस्सा चालू असताना! खोक्यांचे पुठ्ठे आणून त्यावर चित्रं काढत बसते. पलंगाखाली केरसुणी जात नाही. विचारा हिच्या आईला!"

"जातच नाही!" एल्वियाही उठली. ईस्टरचा झगा आता तिला आठवत नव्हता. "अन् झोपायला सांगितलं की म्हणते, फक्त कोंबडावाल्या संपवते. अन् धर्मशिक्षणाच्या ताईंना विचारलंन, प्रभू शुक्रवारी दुपारी वारले, रविवारी पहाटे उठले, तर तीन दिवस कसे? ताई मला रस्त्यात भेटून पायाखालची जमीन बघत बोलल्या!"

"आणि शेत!" चेंचो म्हणाला. "शेताचं तर मी कुणालाच सांगितलेलं नाही. एका शनिवारी घेऊन गेलो. म्हटलं फुलपाखरं बघेल. ही दोन तास नळांकडे बघत बसली. मग म्हणते, पापा, शेवटच्या ओळींना पाणी कमी पोचतं, कारण तुम्ही दोन्ही चाव्या एकदम उघडता. दूरची आधी उघडा, जवळची मागून. सतरा वर्षं मी पाणी देतोय! सतरा! मी म्हटलं, गप्प बस. मोठ्यांना शिकवू नये."

"मग?" ओबदुलियाने विचारलं. हे तिलाही नवीन होतं.

"मग ती गप्प बसली." चेंचोचा आवाज खाली आला. "सोमवारी मी एकटा होतो. दूरची आधी उघडली."

ओबदुलियाने तेही सांगितलं. चेंचो थांबला नाही.

"पोचलं पाणी. शेवटच्या वाफ्यापर्यंत. आता रोज तसंच करतो." त्याने खुर्चीवरची टोपी उचलली, पण डोक्यावर घातली नाही, हातातही नीट धरली नाही. "तिला नाही सांगितलं. तिला वाटतं, तिचं चुकलं होतं."

दुभाषाने जे बोललं जाईल तेच सांगायचं असतं. ओबदुलियाने सांगितलं, पण मधे एकदा तिला नाक पुसावं लागलं, आणि तेवढं मात्र तिने भाषांतरात घेतलं नाही.

मिसेस हाव्हरकॅम्पनी पानं उलटून मागच्या कोऱ्या बाजूवरही लिहिलं होतं. त्यांनी जुना फॉर्म काढला, वीस कधीच-नाहींवर एक तिरपी रेघ मारली, बाजूच्या दोघांकडे बघितलं. दोघांनी मान हलवली.

"मिस्टर बार्रागान," त्या म्हणाल्या, "मुलगी एकोणतीस तारखेला परीक्षेला बसेल. आणि ते पुठ्ठे मला बघायला मिळतील का?"

चेंचोने घाबरून ओबदुलियाकडे बघितलं. "पुठ्ठे का मागतायत? जप्त करणार?"

"मागतायत कारण त्यांना आवडलं, कोम्पाद्रे. हो म्हणा."

"हो जी," चेंचो म्हणाला. "आभारी आहे."

बाहेर गाडीत बसल्यावर एल्विया दोघांसमोर बडबडत राहिली, आणि चेंचोने किल्ली फिरवायला बराच वेळ लावला. घरी पोचल्यावर ब्रिसेइदा शेजारणीकडून धावत आली. चेंचो तिच्यासमोर उकिडवा बसला, तरी तो तिच्यापेक्षा उंचच, आणि म्हणाला, "ती दूरची चावी. तू म्हणालीस ते बरोबर होतं."

"मला माहीत होतं," ब्रिसेइदा म्हणाली. "तुमचे बूट कोरडे यायला लागले ना. आधी तुम्ही शेवटच्या ओळींना बादलीनं घालत होता."

चेंचोने बायकोकडे बघितलं. बायकोने आढ्याकडे.

परीक्षा झाली. एप्रिलच्या शेवटी पत्र आलं, पुन्हा सोनेरी शिक्क्याचं. या वेळी एल्वियाने ते उघडलंसुद्धा नाही. पाकीट दोन बोटांत धरून, ॲप्रन न सोडता, ती थेट आल्डर रस्त्याच्या मधोमध गेली. ओबदुलियाने एक सिमेंटचा ट्रक आणि त्यामागे सात गाड्या थांबवून ठेवल्या, चष्मा चढवला आणि रस्त्यावरच वाचलं. ड्रायव्हरने भोंगा दाबला. तिने पाटी त्याच्या काचेवर आपटली. "थांब रे! पोरगी पास झाली!" ड्रायव्हरही आपल्याकडचाच, त्याने मग आनंदाने तोच भोंगा पुन्हा दाबला, आणि मागच्या सातही गाड्यांनी, कशासाठी ते माहीत नसताना, त्याला साथ दिली.

हुशार मुलांचा वर्ग गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत. ऑगस्टपासून ब्रिसेइदा पिवळ्या बसने जायला लागली. चेंचोचा बसवर विश्वास नाही. पहिला आठवडाभर त्याने मुकादमाकडून तासाभराची सवड मागून घेतली (मागितली! तोंड उघडून!) आणि रोज आपल्या जुन्या पिकअपमधून बसच्या मागे-मागे गेला, शाळेच्या दारापर्यंत, चार हातांचं अंतर ठेवून. बसमधली पोरं मागच्या काचेतून त्याला वाकुल्या दाखवायची. तो टोपी काढून नमस्कार करायचा.

शुक्रवारी, सिग्नलला बस थांबली असताना, मागच्या काचेला एक वही चिकटली. ठळक अक्षरं, खाली दोन रेघा : पापा, तुमचा डावा दिवा सोमवारपासून पेटत नाहीये. आणि जरा लांब राहा.

चेंचोने गाडीचा वेग कमी केला. मग घरी वळण्याआधी गॅरेजला गेला, आणि दिवा बदलणाऱ्या माणसाला, तो कुणी ओळखीचाही नव्हता, अर्धा तास बोनेटला टेकून सांगत राहिला, की या पोरीनं जीव कसा नकोसा करून सोडलाय.